एकाहत्तर फिकट रेघा

दाढ काढायची ठरली तेव्हा मला पहिल्यांदा बरंच वाटलं. तीन दिवस बोलायचं नाही, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टर स्वतः सांगणार होत्या. बेचाळिसाव्या वर्षी अक्कलदाढ काढून घ्यायला आलेली बाई खुर्चीत इतकी निवांत पडलेली बघून डॉ. मुजावर जरा गोंधळल्या.

"भीती नाही वाटत?"

"झोप लागेल ना?" मी विचारलं.

"नाही हो. फक्त जागा बधिर करणार."

तेवढीच एक निराशा झाली.

दाढ हाडात आडवी रुतली होती. तिचे दोन तुकडे करावे लागले. जबड्यातून करकर आवाज येत होता आणि मी छताकडे बघत विचार करत होते की, चला, चाळीस मिनिटं मला कोणी हाक मारणार नाही. शेवटी डॉक्टरांनी ते दोन तुकडे एका बारक्या डबीत टाकले आणि डबीवर चिठ्ठी लावली.

"ही दंतपटाला जाईल. नाव नोंदवताना संमती दिलीयत तुम्ही."

तोंडात बोळा होता, म्हणून मी मान हलवली. हल्ली कशाकशाला संमती दिली हे आठवत बसण्यापेक्षा कशाला दिली नाही हे आठवणं सोपं.

"तीन दिवस बोलायचं नाही, थुंकायचं नाही, नळीने काही प्यायचं नाही, गरम नको. आणि ताई, जड उचलायचं नाही. त्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरलीय, ती हलली तर हाड उघडं पडेल. मग दाढेपेक्षा खड्डा जास्त दुखतो."

मी पुन्हा मान हलवली. घरी पंचावन्न किलोंची माई होती.

माई म्हणजे माझी सावत्र आई. मी आठ वर्षांची असताना आई गेली आणि सव्वा वर्षाने बाबांनी माईला मिरजेच्या या घरात आणलं. बाबांना जाऊनही आता बारा वर्षं झाली. आठ वर्षांपूर्वी अर्धांगवायूने माईचा डावा हात आणि डावा पाय गेला. जीभ मात्र जागच्या जागी राहिली. तेव्हापासून ज्येष्ठ निर्वाह कायद्याखाली मी तिची नोंदलेली निर्वाहक आहे. नोंदलेली म्हणजे कशी, तर तिच्या गादीखाली एक पट्टी आहे. तिची कूस दर दोन तासांनी बदलली की नाही, हे ती पट्टी थेट सरकारच्या निर्वाह कक्षाला कळवते. उशीर झाला की माझ्या मनगटावर टोचल्यासारखं होतं. मी घरूनच वीजमंडळाच्या तक्रारी ऐकते. ज्या तक्रारी यंत्राला समजत नाहीत, त्या माझ्याकडे येतात. म्हणजे दिवसभर लोकांचं रडगाणं कानात आणि मधूनमधून मनगटाला टोचणी.

विसावा नावाची एक सोय आहे. वर्षातून पंधरा दिवस सरकारी ज्येष्ठ निवासात म्हाताऱ्या माणसाला ठेवता येतं, निर्वाहकाला तेवढाच आराम. पण म्हाताऱ्याची खुशी लागते. मी आठ वर्षांत आठ वेळा विचारलं. माईचं उत्तर ठरलेलं, "मला कुठं टाकायचं न्हाई."

त्या मंगळवारी मी घरी आले तेव्हा ती चाकाच्या खुर्चीत दाराकडे तोंड करून बसली होती.

"काढली? दाव."

मी गाल दाखवला.

"भोपळा झालाय गं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला आत जायाचं हाय. तू आलीस की जाऊ म्हणून दाबून बसलीय."

काय करणार? तिला उचलून संडासात नेलं, परत आणून पलंगावर ठेवलं. बोळा लाल झाला. मी नवा बोळा दाबला आणि जमिनीवरच बसून राहिले.

गुरुवारी दंतपट आला.

दंतपट म्हणजे काय, ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. अहवालाच्या पहिल्या पानावर समजावून दिलं होतं. आपला दात आतून रोज वाढतो आणि रोजच्या वाढीची एक रेघ पडते, केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढी. झाडाच्या खोडात वर्षाचं एक कडं दिसतं, तसं दातात दिवसाचं दिसतं. अक्कलदाढेच्या रेघा आठव्या-नवव्या वर्षापासून विशी येईपर्यंत पडत राहतात. त्या दिवशी ताप होता का, पाणी कुठल्या विहिरीचं होतं, पोटात काय गेलं, सगळं त्या रेघेत बसतं. हाड झिजतं आणि पुन्हा भरतं, त्यामुळे हाडातलं जुनं पुसलं जातं. दात मात्र एकदा लिहिलेलं कधी खोडत नाही. नदीकाठच्या गावांत पाण्यातून कोणतं विष किती वर्षं गेलं, हे शोधायला या रेघा वाचणारं यंत्र आणलं होतं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की उपासमारही त्यात दिसते.

दुसऱ्या पानावर सारांश होता. वय पावणेदहा ते सव्वाअकरा. एकाहत्तर फिकट रेघा, प्रत्येक बरोबर सातव्या दिवशी. निष्कर्ष: आजार किंवा टंचाई संभवत नाही, कारण मधले सहा दिवस आहार पुरेसा आहे. ठरावीक दिवशी अन्न रोखून धरल्याचा, म्हणजे शिक्षेचा नमुना जुळतो. त्या काळातील पालक: वडील कामानिमित्त बाहेरगावी, घरी सावत्र आई.

त्याखाली निर्वाह कक्षाचं पत्र होतं. बालपणी पालकाने हेळसांड केल्याचं सिद्ध झालं तर मूल निर्वाहाच्या जबाबदारीतून सुटतं, असं कायद्यात कलम आहे. दंतपट हा पुरावा धरला जातो. माझ्या वतीने अर्ज आपोआप दाखल झाला होता. सात दिवसांत मी हरकत घेतली नाही तर माईला कायमचं ज्येष्ठ निवासात हलवणार, आणि तिच्या नोंदीत हेळसांड असा शेरा बसणार. मला सही करायची नव्हती, कुठे जायचं नव्हतं, बोलायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं.

आणि डॉक्टरांनी मला गप्पच राहायला सांगितलं होतं.

मी ते पत्र तीनदा वाचलं. वाईट वाटायला हवं होतं. मला मात्र माझी पाठ दिसली, पलंगावर सरळ टेकलेली, आणि सकाळचे नऊ वाजलेले. लाज वाटली, पण ते चित्र काही पुसलं गेलं नाही.

खरं काय होतं, ते जगात एकट्या मलाच माहीत होतं. निदान त्या गुरुवारी तरी माझी तशी समजूत होती. मला कोणी उपाशी ठेवलं नव्हतं. शेजारची एक ताई लग्न जमावं म्हणून सोळा सोमवार करत होती आणि तिचं जमलं. मग मीही धरले, नवी आई निघून जाऊ दे म्हणून. सोमवारी डबा शाळेमागच्या शेळ्यांना घालायचा आणि संध्याकाळी पोट दुखतंय म्हणून झोपायचं. सोळा झाले, माई गेली नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चिकाटी माझ्यात तेव्हापासूनच आहे. बहात्तरावा सोमवार मात्र मी केला नाही. त्याचं कारण मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

"काय वाचायलीस एवढं?" माईने विचारलं.

मी गालाकडे बोट दाखवलं.

शनिवारी सकाळी खड्डा ठणकायला लागला. कानापर्यंत, डोळ्यापर्यंत कळ जाई. तोंड एक बोट मावेल इतकंच उघडत होतं. रिक्षा करून दवाखान्यात गेले. डॉ. मुजावरांनी आत दिवा धरला आणि श्वास सोडला.

"गाठ गेली. हाड उघडं पडलंय. काय उचललंत?"

"आई," मी दात मिटूनच म्हटलं.

त्यांनी खड्डा धुतला, लवंगेच्या तेलात बुडवलेली पट्टी आत बसवली. कळ हळूहळू उतरली. पाणी डोळ्यांतून आपोआप येत होतं. हात धुता धुता त्या म्हणाल्या, "तुमचा दंतपट पाहिला मी. माझ्याकडेही प्रत येते. काही विचारू का?"

मी मान हलवली.

त्यांनी पडद्यावर सारांश नव्हे, मूळ पट लावला. राखाडी रंगाच्या बारीक रेघा, वहीच्या पानासारख्या, आणि त्यात ठरावीक अंतराने एकेक फिकट.

"ही फिकट रेघ बघा. आता तिच्या लगेच पुढची बघा. बाकीच्यांपेक्षा जाड आहे. मी मोजल्या. पहिल्या आठ-नऊ सोडल्या तर प्रत्येक फिकट रेघेपाठोपाठ एक जाड आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच कोणी तरी तुम्हाला भरपूर दूध, नाचणी, असलं काही देत होतं. शिक्षा देणारा माणूस असं करतो का, मला माहीत नाही."

"सारांशात..." मी कसंबसं म्हटलं.

"सारांशात नाही येणार. त्या यंत्राला कमी काय पडलं ते शोधायला शिकवलंय. जास्त कोणी दिलं, ते त्याला कोणी विचारलेलंच नाही."

रिक्षात बसल्यावर मला मंगळवार आठवले. मंगळवारी सकाळी चुलीपाशी वाटीभर नाचणीची खीर असायची, गूळ घातलेली. मी माईच्या हातचं मागून कधी खात नसे. माईही मला कधी वाढत नसे. वाटीकडे पाठ करून म्हणायची, "उरलीय. खायाची तर खा, न्हाईतर म्हशीला घालते." उरलेलं खायला माझी हरकत नव्हती, ते काही माझ्यासाठी केलेलं नसायचं. मी खरवडून खात असे. मंगळवारीच कशी खीर उरते, हा प्रश्न मला एकतीस वर्षांत पडला नाही.

हे कळल्यावर मी त्याच दिवशी हरकत नोंदवायला हवी होती. नोंदवली नाही. खोटं कशाला बोलू? रविवारी मनगटाला सात वेळा टोचलं. प्रत्येक वेळी उठताना जबडा ठणकायचा, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, गुरुवारपर्यंत गप्प राहिलं तर हे संपेल. खीर दिली म्हणून काय झालं, आठ वर्षं मीही दिलंच आहे की. असले हिशेब मी पडल्यापडल्या मांडत होते आणि कूस बदलायला पुन्हा उठत होते.

सोमवारी कक्षातून उगारे मॅडम आल्या. मध्यमवयीन, घामाघूम झालेल्या, हातात नोंदी घ्यायची पडद्याची पाटी. ज्येष्ठाचा जबाब घेतल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, असं त्या म्हणाल्या. माई तेव्हा खुर्चीत होती, तिच्या उंचीला बसवलेल्या शेगडीपुढे, एका हाताने काहीतरी ढवळत. मी पलंगाच्या कडेवर बसले.

उगारे मॅडमनी अहवाल वाचून दाखवला. आवाज सपाट, रोजच्या सवयीचा. माई ढवळायची थांबली नाही.

"आजी, तुम्हाला समजलं का? या दहा-अकरा वर्षांच्या असताना तुम्ही दर आठवड्याला एक दिवस यांना उपाशी ठेवत होता, असं त्यांची दाढ म्हणते."

"दाढ म्हणते," माई म्हणाली. "आन ही काय म्हणते?"

"त्यांनी हरकत घेतलेली नाही."

माईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. भाजी निवडताना पालेभाजीची जुडी बघावी, तसं नीट, वरपासून खालपर्यंत. सुजलेला गाल, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, न विंचरलेले केस. मी नजर खाली घातली.

"मी हो म्हटलं तर हिचं काय हुतंय?" तिने विचारलं.

"त्या मोकळ्या होतील. तुम्ही ज्येष्ठ निवासात."

"किती दिवस? तुमचं ते पंधरा दिवसांचं असतंय, तसं?"

"नाही आजी, तो विसावा वेगळा. हे कायमचं."

"आन न्हाई म्हटलं तर?"

"चौकशी लागेल. वर्षभर चालते. तोवर आहे तसंच."

माईने शेगडी बंद केली. उजव्या हाताने पदर सावरला.

"मग हो लिवा. ठेवत हुते उपाशी. सावत्रच हुते मी, करनारच की."

उगारे मॅडमनी पाटीवर बोट ठेवलं. मी तोंड उघडलं आणि कळ मस्तकात गेली. एक बोटभर फटीतून जे निघालं ते मलाच समजलं नाही. लवंगेची पट्टी जिभेखाली सरकली. मी ती बोटाने ओढून काढली, रक्ताचा धागा हनुवटीवर आला, आणि पुन्हा बोलले.

"खोटं आहे. मी... स्वतः केले. सोमवार."

"सावकाश, ताई," उगारे मॅडम म्हणाल्या.

मी सावकाश सांगितलं. शेळ्या सांगितल्या, सोळा आणि पुन्हा सोळा सांगितले, कशासाठी धरले होते तेही सांगितलं. माईकडे न बघता सांगितलं. मग उगारे मॅडमनी विचारलं, "एकाहत्तरवर का थांबलात?"

तो प्रश्न त्यांनी नोंदीसाठी विचारला असणार.

"बहात्तराव्या सोमवारी सकाळी माईला दवाखान्यात नेलं," मी म्हटलं. "सातवा महिना होता. पाच दिवसांनी ती एकटीच परत आली. मला वाटलं, माझ्यामुळे. मी जा म्हणत होते, आणि बाळ गेलं." रक्त गिळावं लागत होतं. "अजून वाटतं. म्हणून सगळं करते मी. मायेने करते असं लोक म्हणतात. मला भीती वाटते म्हणून करते."

गादीखालच्या पट्टीचा बारीक आवाज येत होता.

"एवढंच व्हय?" माई म्हणाली.

मी वर पाहिलं.

"सोमवारचं मला माहीत हुतं. त्या शेळ्यांची बाई दारात येऊन सांगून गेली, तुमच्या पोरीचा डबा आमच्या शेळ्या खात्यात म्हणून. मी म्हटलं, खाऊ द्यात. बळं भरवलं असतं तर वकून टाकलं असतंस तू, तेव्हाची तू म्हंजे." ती जरा थांबली, तिला सलग बोलताना धाप लागते. "आन तुझ्या सोमवारांनी पोर गेलं असतं, तर मी न्हाई का आधी गेले असते? मागितलं हुतंस ते मला. मी हाय की अजून, तुझ्या उरावर बसलीय."

उगारे मॅडमनी मान खाली घातली.

"पोराच्या गळ्याला नाळ आवळली हुती. डॉक्टरीणबाईनं सांगितलं मला तवाच." माई शेगडीकडे बघत म्हणाली. "तुला सांगायचं राहिलं."

एकतीस वर्षं राहिलं होतं. मी रडले की हसले, ते त्या सुजलेल्या तोंडाने ठरवता येत नव्हतं. दोन्ही सारखंच दुखत होतं.

उगारे मॅडम पाटीशी झगडत होत्या. अन्न कोणी रोखलं, याला तिथे चारच उत्तरं होती आणि त्यात बालकाने स्वतः असं नव्हतं. शेवटी त्यांनी 'इतर'वर खूण करून खाली हाताने लिहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"ताई, अर्ज रद्द होईल. पण एक माणूस, एक दंतपट. पुन्हा या कलमाखाली सुटता येणार नाही तुम्हाला. नीट विचार केलाय ना?"

"केलाय," मी म्हटलं. मग माईकडे बघून म्हटलं, "माई, मी दमलेय गं. फार दमलेय."

हे वाक्य मी आठ वर्षांत तिला एकदाही म्हटलं नव्हतं. विसाव्याचं विचारताना दर वेळी तिला तिथे कसं बरं वाटेल, तेवढंच सांगत आले होते.

"दिसतंय की," माई म्हणाली. "तू सांगशील म्हणून वाट बघत हुते." मग उगारे मॅडमना म्हणाली, "ते पंधरा दिवसांचं कसं असतंय? उद्या न्याल का?"

"उद्या गाडी पाठवते, आजी."

"पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी आणून सोडायचं. लिहून घ्या तेबी."

त्यांनी तेही लिहून घेतलं आणि गेल्या. मी तोंड धुतलं. मिठाच्या पाण्यात रक्त गुलाबी होऊन वाहून गेलं. परत आले तेव्हा माईने मांडीवर एक वाटी धरली होती. पातेलं एका हाताने कलंडलं असावं, तिच्या पातळावर शिंतोडे होते.

"सोमवार हाय आज," ती म्हणाली. "आधी खाऊन घे. निवलीय."

नाचणीची खीर होती, गूळ घातलेली. मी वाटी घेतली.

"उरलीय का?" मी विचारलं.

"उरंल कशानं? तुझ्यासाठीच केलीया."

मी तिच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि चमच्याच्या टोकाने, डाव्या बाजूने, थोडी थोडी खाल्ली.